पेट्रोल जाईल तेव्हा जाईल, मोहोळची शाळा तर सोमवारी आहेच

प्रश्न:
नमस्कार सर, मी जुळे सोलापुरात राहते आणि मोहोळच्या अलीकडं एका झेडपी शाळेवर आहे. रोजचं अपडाऊन, जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. गाडी माझी, सोबत आणखी तीन मॅडम असतात, पेट्रोल आणि टोल चौघींत वाटून घेतो. गाडी २०१३ ची पेट्रोल आहे, आता सारखं काही ना काही निघतंय, मेकॅनिक म्हणतो नवीन पेट्रोलमुळं होतंय, वीस टक्के इथेनॉलवालं. ॲव्हरेजपण पडलंय, १८ द्यायची ती आता १७ वर आलीये. पाडव्याला गाडी बदलायची ठरलंय पण घरात एकमत नाही. मिस्टर म्हणतात दोन वर्षं थांब, हायड्रोजन येतंय, आत्ता घेतलेली गाडी भंगारात जाईल. सासरे माळशिरस तालुक्यात ऊस करतात, ते म्हणतात आता जमाना इथेनॉलचा, फ्लेक्स फ्युएलचीच घ्या, म्हणजे पेट्रोल-इथेनॉल दोन्हींवर चालणारी. पुण्याचे भाऊजी म्हणतात ईव्ही सोडून दुसरं बघूच नका. शाळेतले एक सर सीएनजी म्हणतात. आमचं रो-हाऊस आहे, गाडी दारातच लागते. मला एवढंच सांगा, पेट्रोलच्या जागी शेवटी येणार काय? आणि एक छोटा प्रश्न, हसू नका. ईव्ही घेतली तर बाकीच्या तिघींकडून पैसे कशाचे आणि किती घ्यायचे?
एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर:
ताई, हसलो नाही. उलट तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न तोच आहे म्हणून तो शेवटी घेतो, तोपर्यंत धीर धरा.

आधी एक गोष्ट मोकळी करून टाकू. पेट्रोलच्या जागी काय येणार हा एक प्रश्न आणि मी कुठली गाडी घेऊ हा दुसरा, आणि तुमच्या घरात या दोन्हींची खिचडी झालीये. पहिल्याचं उत्तर यायला वीस-पंचवीस वर्षं लागतील आणि तेसुद्धा एकच एक इंधन असेल असं मला अजिबात वाटत नाही. तुम्हाला गाडी फार तर दहा वर्षं वापरायचीये. देशाचं काय व्हायचं ते होऊ दे, तुमचं रोजचं रनिंग, दारातलं पार्किंग आणि घरातला प्लग यावर तुमची गाडी ठरणार. तरीपण घरात तिघांना तोंड द्यायचंय तुम्हाला, त्यामुळं प्रत्येकाचं म्हणणं जरा तपासून बघू.

मेकॅनिकपासून सुरू करतो. तो पूर्ण खोटं बोलत नाहीये पण सगळं खापर इथेनॉलवर फोडणं आजकाल सोयीचं झालंय. इथेनॉलमध्ये लिटरमागं ताकद पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते, त्यामुळं वीस टक्के मिसळलं की ॲव्हरेज पडणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की जुन्या पद्धतीच्या, म्हणजे बिगर-इथेनॉल पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी ट्यून केलेल्या चारचाकीचं ६ ते ७ टक्के ॲव्हरेज कमी होऊ शकतं. तुमची अठराची सतरा झाली, म्हणजे साडेपाच टक्के. हिशोबात बसतंय, गाडी बिघडलेली नाही. पण जुने रबरी पाइप, गॅस्केट, पंपाचे प्लास्टिकचे भाग, यांना इथेनॉल सोसत नाही हेही खरं, वीस टक्क्यांसाठीचं मटेरियल एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत आलं. शिवाय इथेनॉल टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेली घाण सोडवतं आणि ती जाऊन बसते फिल्टरमध्ये, मग गाडी झटके मारते आणि आपण म्हणतो इंजिन गेलं. फ्युएल फिल्टर बदलून घ्या, पाइप हाताने दाबून बघा कडक झालेत का, आणि मे महिन्यात शाळा बंद असताना अर्धी टाकी भरून गाडी महिनाभर उभी ठेवू नका कारण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. दोन-तीन हजारांत काम होतं, लगेच इंजिन उतरवायला निघू नका.

बघा ना, ज्या दिवसाची सगळे वाट बघतायत तो अर्धामुर्धा येऊन गेलासुद्धा. २०१४ मध्ये आपल्या पेट्रोलमध्ये दीड टक्का इथेनॉल होतं, जून २०२२ ला दहा झालं, २०२५ मध्ये वीस. पाचवा हिस्सा बदलला, पंपावरची पाटी तीच, रांग तीच आणि बिलाचा आकडा तर तोच. लोक विचारतात ॲव्हरेज पडलं तर रेट का नाही पडला, आणि रास्त विचारतात. उत्तर असं की इथेनॉल काही फुकट मिळत नाही, २०२४-२५ च्या हंगामात उसाच्या रसापासून केलेलं इथेनॉल सरकारी तेल कंपन्यांनी लिटरला ६५ रुपये ६१ पैशांनी घेतलं आणि मक्याचं ७१ रुपये ८६ पैशांनी. वर टॅक्स, वाहतूक. एवढी ताकद कमी असलेल्या मालाला हा भाव, मग ग्राहकाला उरणार काय?

आता तुमचे सासरे. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांच्या बोलण्यात दम आहे. आपल्या जिल्ह्याएवढे साखर कारखाने राज्यात फार कमी ठिकाणी असतील आणि कारखान्याला डिस्टिलरी असली की ऊसबिल जरा वेळेवर निघतं हे त्यांनी स्वतः बघितलं असणार. परदेशातून तेल आणण्यात जे पैसे जातात, आणि आपलं शंभरातलं पंच्याऐंशीच्या वर कच्चं तेल बाहेरूनच येतं, त्यातले थोडे जरी माळशिरसच्या पाटात आले तर कुणाला नकोय. पण ते म्हणतात तसं सगळं पेट्रोल उसावर चालवायचं म्हणलं तर काय होतं ते कागदावर मांडू, त्यांनाच दाखवा.

एक टन उसापासून, थेट रसाचं केलं तर, साधारण सत्तर लिटर इथेनॉल निघतं. तुमच्या सासऱ्यांचा, म्हणजे आण्णांचा, एकरी चाळीस टन धरू, चांगला शेतकरी आहे असं मानतो. म्हणजे एकराला २८०० लिटर. तुमचं रनिंग महिन्याला सतराशे किलोमीटर, निव्वळ इथेनॉलवर गाडी लिटरला बाराच्या पुढं काही जाणार नाही, म्हणजे वर्षाला सतराशे लिटर. फक्त तुमच्या एका गाडीसाठी चोवीस गुंठे ऊस. आता पाणी. नीती आयोगाच्याच अहवालात हिशोब आहे, उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागं सुमारे २८६० लिटर पाणी. सतराशे लिटरला झाले साडेअठ्ठेचाळीस लाख लिटर, दहा हजार लिटरचा टँकर धरला तर वर्षाला पावणेपाचशेच्या वर टँकर. एका गाडीला! आणि आपल्या नळाला पाणी कितव्या दिवशी येतं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

आण्णा म्हणतील, मळीपासूनपण होतं की, त्याला वेगळं पाणी कुठं लागतं. बरोबर आहे, साखर काढून झाल्यावर उरलेल्या मळीचं इथेनॉल म्हणजे वरकमाईच, पण तसं टनामागं दहा-अकरा लिटरच मिळतं, तेवढ्यावर देश चालत नाही. म्हणून तर आता अर्ध्याच्या वर इथेनॉल उसाचं नाहीच, मका आणि तांदळाचं आहे. मग मक्याचे भाव चढले, कोंबडीवाले ओरडायला लागले. एका टाकीत ओतलं की दुसरीकडून काढावं लागतंच.

आणि त्यांना ७ डिसेंबर २०२३ ची आठवण करून द्या. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला, उजनी भरली नाही, पुढं मायनसमध्ये गेली. साखर कमी पडेल म्हणून केंद्रानं कारखान्यांना सांगितलं, उसाच्या रसाचं इथेनॉल बंद. कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या होत्या, सगळे हवालदिल. नंतर थोडी सूट दिली, पूर्ण मोकळीक मिळायला ऑगस्ट २०२४ उजाडला. म्हणजे ज्या इंधनाचा नळ एका कोरड्या पावसाळ्यात बंद होतो त्यावर गाडी घ्यायची का? ब्राझीलचं उदाहरण सगळे देतात, आण्णापण देतील. ब्राझीलनं १९७५ मध्ये सुरुवात केली, लोकांनी नुसत्या अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्या घेतल्या, आणि १९८९-९० च्या सुमारास साखरेला भाव आला तसे कारखाने साखरेकडं वळले, पंप कोरडे पडले आणि लोकांचा त्या गाड्यांवरचा विश्वास उडाला तो उडालाच. २००३ मध्ये दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या आल्या तेव्हा कुठं गाडं रुळावर आलं. आणि तिथला बहुतेक ऊस पावसावर येतो हो, आपल्यासारखा धरणावर नाही. एवढं करूनही आजही त्यांच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल तीस टक्केच मिसळतात.

फ्लेक्स फ्युएल गाडी वाईट नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये गडकरींनी टोयोटाची इनोव्हा दिल्लीत दाखवली, इथेनॉलवरपण चालते आणि बॅटरीचीही मदत घेते. उद्या तशी छोटी गाडी सर्रास मिळायला लागली, पंपावर इथेनॉलची वेगळी नळी आली आणि त्याचा रेट ताकदीच्या हिशोबानं पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा कमी असला, तर आणि तरच घेण्यात अर्थ. तीन अटी झाल्या. पाडव्यापर्यंत तिन्ही काही पूर्ण होत नाहीत.

हायड्रोजनबद्दल मिस्टरांना थोडक्यात सांगतो. मार्च २०२२ मध्ये गडकरी स्वतः हायड्रोजनवरची टोयोटा मिराई घेऊन संसदेत गेले, त्याचे फोटो सगळ्यांनी बघितले आणि तेव्हापासून घरोघरी कोणीतरी हायड्रोजनसाठी थांबलेलं आहे. जानेवारी २०२३ मध्ये सरकारनं १९,७४४ कोटींचं ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केलं तेही खरं. पण त्या मिशनचा रोख खत कारखाने, रिफायनरी, पोलाद, फार तर मोठे ट्रक असा आहे. कारसाठी गणितच जुळत नाही. शंभर युनिट वीज बॅटरीत घातली तर पंचाहत्तरच्या आसपास चाकापर्यंत पोचते. त्याच शंभर युनिटनं पाणी फोडून हायड्रोजन काढला, दाबून भरला, गाडीत परत त्याची वीज केली, तर तीसच्या आतच उरतात. बाकी वाटेत गळून जातात. शिवाय तो गाडीत ७०० बार दाबानं भरायचा असतो, सीएनजी २०० वर भरतात तर आपण गाडीतून खाली उतरून लांब उभं राहतो. सोलापुरात असा पंप कोण आणि कुणासाठी टाकेल? मिस्टरांनी दोन वर्षं म्हणलंय, मी दहा म्हणलं तरी छोट्या गाडीत तो दिसेल असं मला वाटत नाही.

घोषणांचं काय असतं ते आपल्या भागानं आधी पाहिलेलं आहे. मोगली एरंड आठवतो का आण्णांना विचारा. २००३ च्या आसपास डिझेलला पर्याय म्हणून त्याचा केवढा गाजावाजा, राष्ट्रपती कलामसाहेबसुद्धा त्याचं सांगायचे, पडीक जमिनीत लावा, पाणी लागत नाही, शेळी खात नाही, बियांचं डिझेल होतं. २००९ च्या धोरणात तर २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठेवलं होतं. झालं काय, पाणी नाही दिलं तर झाड जगतं पण बी धरत नाही. बांधावर झाडं राहिली, डिझेल काही आलं नाही. त्यामुळं येणार येणार म्हणतात त्या इंधनावर आजच्या पैशाचा निर्णय घ्यायचा नाही, मग सांगणारा कितीही मोठा असू दे.

सीएनजीवाल्या सरांचं म्हणणं व्यवहाराला धरून आहे. किलोला पंचवीस किलोमीटर धरा, सतराशेला ६८ किलो, नव्वदच्या वर-खाली रेट, महिन्याला सहा हजारांच्या आसपास. पेट्रोलला तुमचं शंभर लिटर जातं म्हणजे साडेदहा हजार, तर बचत आहेच. मात्र चौघींच्या पर्सा, डबे, वह्यांचे गठ्ठे डिकीत ठेवत असाल तर तिथं आता सिलिंडर बसणार. सकाळी शाळेच्या वेळेला पंपावर रिक्षांची लाईन. दर तीन वर्षांनी टाकीची टेस्ट, ती लोक विसरतात, तुम्ही विसरू नका. आणि ‘आपला गॅस, आपला गॅस’ म्हणतात पण देशातला निम्म्याच्या आसपास गॅस जहाजानं बाहेरूनच येतो, तिकडं लढाई झाली की इकडं रेट हलतो. घरगुती सिलिंडरवर गाडी चालवायचा कोणी सल्ला दिला तर त्या माणसाशी बोलणंच बंद करा.

राहिले पुण्याचे भाऊजी. फ्लॅटमध्ये राहून ईव्हीचं सांगणारे लोक असतात, त्यांच्या सोसायटीत चार्जरवरून मीटिंगा चालू असतात, पण तुमच्याकडं खरोखर दारात जागा आहे आणि छत स्वतःचं आहे. ईव्हीचं निम्मं यश तिथंच आहे, गाडीच्या कंपनीत नाही. छोटी ईव्ही एका युनिटला सात किलोमीटर देते असं धरू. सतराशेला २४३ युनिट, चार्जिंगमधली घट धरून २७०-२८०. युनिटला सगळं मिळून बारा रुपये पकडले तरी ३,३०० च्या आसपास. साडेदहा हजारांच्या जागी तेहतीसशे. हा आकडा ऐकूनच माणूस शोरूमकडं पळतो, तर थांबा, दोन गोष्टी बघा.

एक म्हणजे स्लॅब. तुमचं घरचं बिल आज दीडशे युनिटचं असेल तर गाडीचे २८० त्यात पडले की तुम्ही तीनशेच्या वर जाता आणि महावितरणचा दर तिथं चांगलाच चढतो. गाडीसाठी वेगळा मीटर मागता येतो, ईव्ही चार्जिंगचा दर वेगळा असतो, ऑफिसला जाऊन आजचा रेट विचारून घ्या आणि मग माझे बारा रुपये खोडून तो आकडा घाला. छतावर सोलर असेल तर मजाच वेगळी, सोलापूरचं ऊन एरवी शिव्या खातं ते इथं कामाला येतं. तीन किलोवॅटचं सोलर रोज बाराएक युनिट देतं, म्हणजे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास, तुमच्या गाडीचं भागून वर उरतं. फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे. गाडी दिवसा शाळेत उभी असते, सोलर दिवसा बनतं, त्याची चिंता करू नका, दिवसाची वीज महावितरणकडं जाते आणि नेट मीटरवर तुमच्या खात्यात जमा धरतात.

दुसरं म्हणजे प्लग. रोजच्या सत्तर किलोमीटरला दहा-अकरा युनिट लागतात, तीन-साडेतीन तासांत साध्या पंधरा अँपियरच्या पॉइंटवर होतं, फास्ट चार्जरची गरजच नाही. पण तो पॉइंट मीटरपासून स्वतंत्र जाड वायरनं ओढलेला पाहिजे आणि अर्थिंग खरं पाहिजे. आपल्याकडं घर बांधताना अर्थिंगच्या नावाखाली कुठंतरी एक वायर मातीत खुपसून ठेवलेली असते, उन्हाळ्यात माती सुकली की ती असून नसल्यासारखी. इलेक्ट्रिशियनला मीटर लावून व्होल्टेज मोजायला सांगा, फेज आणि अर्थिंगमध्ये जेवढं येतं तेवढंच फेज आणि न्यूट्रलमध्ये आलं पाहिजे, दोन-चारचा फरक चालतो. पन्नासचा असला तर गाडी घ्यायच्या आधी खड्डा खणा. एक्स्टेन्शन बोर्डवर गाडी लावायची नाही म्हणजे नाही.

उन्हाचं विचाराल तर बॅटरीला चव्वेचाळीस डिग्री आवडत नाही हे खरं. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी त्यातल्या त्यात उष्णतेला टिकते, घेताना तेवढं विचारा. शाळेत झाडाखाली लावा, शंभर टक्के भरून भर उन्हात उभी करू नका, मे महिन्यात गाडी पडून राहणार असेल तर पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवा. वॉरंटी बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर देतात. तुमचं वर्षाला वीस हजार, म्हणजे वर्षं आणि किलोमीटर जवळपास एकदमच संपतील.

पुणे अडीचशे किलोमीटर. छोट्या ईव्हीची खरी रेंज दोनशेच्या आत-बाहेर, एसी लावून कमीच. म्हणजे वाटेत एक थांबा. हायवेला चार्जर आहेत, पण लग्नसराईत आणि जोडून सुट्ट्या आल्या की रांग लागते, निघायच्या आधी ॲपवर बघून निघायचं. भिगवणला मासे खाणाऱ्यांना हा थांबा तसा गोडच वाटतो. माळशिरसला एका चार्जिंगमध्ये पोचाल, तिथून परत यायला आण्णांच्या घरी पंधरा अँपियरचा पॉइंट आणि रात्रभर वीज हवी. आण्णांना ते एवढं तरी करायला लावा, इथेनॉलचा राग विसरतील.

कोणी म्हणेल वीज तरी कुठून येते, आपल्याच आहेरवाडी-फताटेवाडीच्या एनटीपीसीत कोळसा जळतो, १३२० मेगावॅट. बरोबर आहे. ईव्ही स्वच्छ नाही, धूर सात रस्ता चौकात न निघता तिकडच्या चिमणीतून निघतो. फरक एवढाच की चिमणीच्या जागी उद्या सोलर आलं तर तुमची तीच गाडी आपोआप बदलते, काही न करता. पेट्रोलच्या गाडीला ती सोय नाही. माझ्या दृष्टीनं ईव्हीचं मोठं बलस्थान हेच, वीज कशापासूनही करता येते, उजनी कोरडी पडली तरी.

मग पेट्रोल जाणार का? नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांत शंभरातल्या जवळपास नव्वद ईव्ही होत्या, आणि तरी रस्त्यावर धावणाऱ्या एकूण ईव्हींची संख्या पेट्रोल गाड्यांच्या पुढं जायला त्याच वर्षीचा सप्टेंबर लागला, डिझेलच्या तर तेव्हाही सगळ्यात जास्त. तो श्रीमंत, छोटा देश. आपल्याकडं नव्या गाड्यांतच ईव्ही अजून मोजक्या. आणि एक आकडा लक्षात ठेवा, २०१४-१५ मध्ये देशात दोन कोटी टनांच्या आत पेट्रोल लागायचं, २०२४-२५ मध्ये चार कोटींच्या घरात गेलं. इथेनॉल वीस टक्के मिसळूनही खपच दुप्पट झाला. त्यामुळं पेट्रोल जाण्याची बातमी वाचून घाबरू नका, तुमच्या निवृत्तीपर्यंत पंप चालू असतील. तुमच्या मुलीच्या पहिल्या गाडीबद्दल मात्र मी असं म्हणणार नाही.

आता तुमचा तो ‘छोटा’ प्रश्न. हा छोटा का नाही ते बघा. आज साडेदहा हजार पेट्रोल चौघींत वाटून तुमच्या वाट्याला २,६०० येतात. ईव्ही घेतली आणि लाईट बिल तसंच चौघींत वाटलं, तर प्रत्येकीला सव्वाआठशे. बाकीच्या तिघींचे महिन्याला अठराशे वाचले, तुमचेही अठराशेच. पण पेट्रोलपेक्षा चारेक लाख जास्त कोणी घातले? तुम्ही. अठराशेच्या हिशोबानं ते वसूल व्हायला अठरा वर्षं लागतील. शोरूमवाला दाखवतो ती सगळी बचत तुमच्या शेजारी आणि मागच्या सीटवर बसून शाळेत जाते. टायर, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स, आजपर्यंत तुम्ही एकटीनंच भरलाय, पेट्रोलच्या वाटणीत तो कधी आलाच नाही, कोणी विचारलंही नसेल.

म्हणून पैसे लाईटचे घेऊ नका, प्रवासाचे घ्या. महिन्याला प्रत्येकी दोन हजार, सावळेश्वरचा टोल आत्तासारखाच वेगळा वाटून. त्यांचे आजच्यापेक्षा सहाशे वाचतात, त्यामुळं कोणी तोंड वाकडं करायचं कारण नाही. तुम्हाला सहा हजार येतात, तेहतीसशे लाईटला जातात, आणि आजचे २,६०० जायचे थांबतात, म्हणजे तुमचा फायदा ५,३०० चा. चार लाख सव्वासहा वर्षांत निघतात, बॅटरीच्या वॉरंटीच्या आत. मात्र यापेक्षा जास्त घेऊ नका. ओळखीतल्यांनी खर्च वाटून घेणं वेगळं आणि खासगी नंबरच्या गाडीत भाडं घेऊन माणसं नेणं वेगळं, दुसरं नियमात बसत नाही आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले तेवढंच धरून बसतात.

पण हे सगळं गणित एका गोष्टीवर उभं आहे, बदली. तुमची किंवा त्यातल्या दोघींची बदली झाली की सगळं कोसळलं. तुम्हाला करमाळा मिळालं तर ईव्ही दारात उभी राहील आणि हप्ता चालू. त्यामुळं शोरूमला जायच्या आधी तुमचं नाव यंदाच्या बदलीपात्र यादीत येतंय का ते बघा. येत असेल तर आत्ताच्याच गाडीचा फिल्टर बदला, पाइप बदला, अजून वर्षभर रेटा, आणि ते मिस्टरांना ‘तुमचं ऐकलं’ म्हणून सांगा. पुढची तीन-चार वर्षं मोहोळच असेल तर पाडव्याला ईव्ही घ्या, माझं स्पष्ट मत आहे. हा सल्ला अपडाऊनवाल्यांसाठी आहे बरं का, जी गाडी महिन्यात चारशे किलोमीटर फिरते तिच्या मालकानं हे वाचून ईव्ही घेऊ नये, त्याला साधी पेट्रोलच परवडेल.

आणि तिघींशी बोलणं बुकिंग करायच्या आधी करा, गाडीचे पेढे वाटताना नाही. गाडी आल्यावर पैशाचा विषय काढला की तो वाढवल्यासारखा वाटतो, आधी काढला की ठरवल्यासारखा. एखादी म्हणेल लाईट तर कितीशी लागते, तेव्हा हे पानच पुढं करा. मे महिन्याचं काय तेही त्याच दिवशी ठरवून टाका, शाळा नाही तर पैसे नाहीत, एवढं तुम्ही सोडून द्या, आणि मेडिकल रजेवर कोणी महिनाभर गेली तर अर्धे घ्या कारण तिची सीट तुम्ही दुसऱ्या कोणाला दिलेली नसते.